जसा हात तशी रॅकेट

पावसाळा सरून आकाश मोकळें झालें, कीं आमच्या मिरा-भाईंदरच्या वस्तींत बॅडमिंटनचा हंगाम सुरू होतो. दोन इमारतींच्या मधल्या फरसबंद जागेवर पांढऱ्या रेघा उमटतात, दोन खांबांस जाळी बांधली जाते, आणि दिवेलागणीनंतर मुलें, मुली, लोकलच्या गर्दींतून परतलेले बाप व घरकामांतून उसंत काढून आलेल्या आया हीं सर्व मंडळी फूल उडवूं लागतात. क्रिकेटास मैदान पाहिजे. तें या दाटीच्या शहरांत किती जणांच्या वांट्यास येणार? बॅडमिंटनास ४४ फूट लांब व २० फूट रुंद इतकी जागा पुरते. यास्तव हा खेळ आमच्या मुलांनीं आपलासा केला यांत नवल नाहीं, आणि त्याबद्दल आम्हांस समाधानच वाटतें.

तथापि या समाधानांत एका गोष्टीनें मिठाचा खडा पडला आहे. खेळ अंगीं येण्यापूर्वींच रॅकेट दारीं येते, आणि ती येते ती मुलाचा हात पाहून नव्हे, तर जाहिरातींतील विजेत्याचें चित्र पाहून. सहावीच्या वर्गांतील मुलाच्या हातीं पंधरा-वीस हजार रुपयांची, ताठ दांडीची, डोक्याकडे जड व तारा तडतडीत ताणलेली अशी रॅकेट आम्हीं पाहिली आहे. आणि त्याच रांगेंत, थोरल्या भावानें टाकून दिलेली, सैल तारांची रॅकेट पाठीमागें लपवून उभा राहणारा मुलगाही आम्हीं पाहिला आहे. पहिल्याचें फूल मागच्या रेघेपर्यंत पोहोंचत नाहीं, आणि दुसरा तर पुढें येऊन खेळावयासच लाजतो. दोघांचेंही नुकसान एकाच समजुतीनें केलें आहे. ती समजूत अशी कीं, रॅकेटींत उत्तम व हलकी असे दोनच वर्ग असून किंमत ही त्या दोहोंमधील भिंत होय.

आमचें मत निराळें आहे. रॅकेटींत चांगली व वाईट हा भेद मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती कोणासाठीं चांगली, हें सांगितल्याशिवाय त्या शब्दास अर्थ येत नाहीं. ‘हलकी’ हा शब्दच पाहा. बाजारांत हलका माल म्हणजे वाईट माल. बॅडमिंटनमध्यें मात्र हलकी रॅकेट पुष्कळांस जड रॅकेटीहून अधिक उपकारक होते. रॅकेट हाताच्या मापानें घ्यावी, आणि तें माप घेण्याचा भार बापाच्या खिशावर व दुकानदाराच्या जिभेवर न टाकतां शाळेनें आपल्याकडे घ्यावा, हें आमच्या लेखाचें तात्पर्य.

खेळाचे नियम काय म्हणतात, तें प्रथम पाहूं. रॅकेटीची लांबी ६८० मिलिमीटरांहून व रुंदी २३० मिलिमीटरांहून अधिक नसावी, तारांचा पृष्ठभाग सपाट व एकसारखा विणलेला असावा, अशीं बंधनें नियमांनीं घातलीं आहेत. परंतु वजन किती असावें, तोल कोठें पडावा, दांडी किती लवावी, तारा किती ताणाव्या, याविषयीं ते मौन धरितात. फुलास १६ पिसें असावीं व त्याचें वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या दरम्यान असावें, इतक्या बारकाईनें बोलणाऱ्या नियमांचें हें मौन आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. फूल दोघांचें असतें, म्हणून तें दोघांस सारखें पाहिजे. रॅकेट ज्याची त्याची असते, म्हणून ती ज्याच्या त्याच्या हातावर सोपविली आहे.

हा खेळ मराठी मुलखास नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकारी तो आवडीनें खेळत, आणि त्या शहरावरून त्यास ‘पूना’ असें नांव पडलें होतें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत क्रिकेटमहर्षि प्रोफेसर दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या तीन कन्यांनीं राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. सांगलीस १९३३ सालीं जन्मलेले नंदू नाटेकर १९५४ सालीं ऑल इंग्लंड स्पर्धेंत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोंचले. १९५६ सालीं मलायांतील सेलांगोर येथील स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटु ठरले. आणि १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हां बॅडमिंटनचा पहिला मान त्यांसच मिळाला. त्या काळीं रॅकेटीची चौकट लांकडाची असे. पावसाळ्यांतील दमट हवेनें ती वांकूं नये म्हणून खेळ संपतांच स्क्रूंच्या लांकडी चापांत आवळून ठेवावी लागे. तारा जनावरांच्या आंतड्यांपासून केलेल्या तातीच्या असत, आणि ओलावा लागला कीं त्या बिघडत. निवडीस वाव थोडा होता. नाटेकरांची ख्याति झाली ती मनगटाच्या लवचिकपणाबद्दल व जाळीजवळच्या नाजूक खेळाबद्दल; बाहुबळाबद्दल नव्हे. त्या पिढीस हातीं आलेल्या साधनाभोंवतीं आपला खेळ घडवावा लागला. आजच्या मुलास उलट सोय आहे: आपल्या खेळास शोभेल असें साधन तो निवडूं शकतो. ही सोय मोठी आहे, आणि तिचाच आम्ही दुरुपयोग करीत आहों.

ज्या जपानी कारखान्याचें नांव आज मुलांच्या तोंडीं सर्वांत अधिक असतें, त्या योनेक्सचा आरंभ रॅकेटींनीं झालेला नाहीं, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. मिनोरू योनेयामा यांनीं १९४६ सालीं निगाता प्रांतांत मासेमारीच्या जाळ्यांस लागणारे लांकडी बोये करण्याचा उद्योग काढला. पुढें प्लॅस्टिकचे बोये आले व लांकडी बोयांस गिऱ्हाईक मिळेनासें झालें. तेव्हां १९५७ सालापासून तीच लांकडावरची कारागिरी त्यांनीं बॅडमिंटनच्या रॅकेटींकडे वळविली. लांकडामागून धातु आला, धातूमागून कार्बन आला, आणि कारखाना जगभर पसरला. उत्तन, चौक, पाली येथील कोळीवाड्यांतील मुलांस जाळें व बोया यांचें नातें शिकवावें लागत नाहीं. जाळें कोणतें, तें किती खोल पाण्यांत सोडावयाचें, त्याचा भार किती, यांवरून बोया ठरतो. सर्वांत महाग बोया तोच सर्वांत चांगला, असें त्यांच्या घरीं कोणी म्हणत नाहीं. तोच विवेक रॅकेटीस लावावा, इतकेंच आमचें सांगणें आहे.

आतां मापाकडे वळूं. पहिलें माप वजनाचें. मुठीच्या वरच्या टोकाशीं बारीक अक्षरांत ‘४ यू, जी ५’ अशा खुणा असतात. योनेक्सच्या परिपाठाप्रमाणें ३ यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम, व ५ यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आंकडा चढला कीं वजन उतरतें, ही उलटी रीति लक्षांत न आल्यामुळें पुष्कळ पालक फसतात. तारांचें व मुठीवर मागाहून गुंडाळलेल्या पट्टीचें वजन यांत धरलेलें नसतें. पांचदहा ग्रॅमचा फरक तो काय, असें कोणी म्हणेल. तराजूंत तो फरक क्षुल्लक आहे खरा. पण एका सायंकाळच्या खेळांत हात शेंकडों वेळां डोक्यावरून फिरतो, आणि शेवटच्या खेळीस खांद्याला त्या पांचदहा ग्रॅमचा हिशेब नीट समजतो.

दुसरें माप तोलाचें, आणि तें वजनाहून महत्त्वाचें आहे. रॅकेट आडवी करून दांडीखालीं एक बोट धरा व ती जेथें स्थिर राहील तें स्थान पाहा. तारा भरण्यापूर्वीं तें स्थान मुठीच्या बुडापासून सुमारें २९५ मिलिमीटरांच्या पलीकडे असल्यास रॅकेट डोक्याकडे जड, २८५ च्या अलीकडे असल्यास डोक्याकडे हलकी, आणि मधल्या टापूंत असल्यास समतोल, असें स्थूलमानानें मानतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत शिकलेलें येथें आठवावें. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा केवळ तिच्या वजनावर अवलंबून नसतो. तें वजन फिरण्याच्या केंद्रापासून किती दूर आहे, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत तो वाढतो. म्हणूनच सारख्या वजनाच्या दोन रॅकेटींपैकीं एक हातोड्यासारखी व दुसरी छडीसारखी वाटते. हातोडा एकदां गतींत आला कीं फुलास जोराचा तडाखा देतो. पण त्यास गतींत आणण्यास व दिशा पालटण्यास वेळ लागतो. छडी त्वरित फिरते, समोरून आलेला फटका अडविते, परंतु मागच्या रेघेवरून फूल लांब पाठविण्यास हातास स्वतःची गति द्यावी लागते. यांत एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असें कांहीं नाहीं. प्रत्येकीचें काम निराळें.

तिसरें माप दांडीचें. कांहीं दांड्या लवतात, कांहीं ताठ असतात. हात वेगानें पुढें आला म्हणजे दांडी क्षणभर मागें वांकते व फुलावर आघात होतांना सरळ होऊं पाहते; धनुष्याच्या कांबीसारखाच हा प्रकार आहे. ज्याचा हात विजेसारखा फिरतो त्याच्यापुढें ताठ दांडीही लवते आणि वेळेवर सरळ होऊन त्याच्या नेमास अचूकपणा आणते. परंतु ज्याचा हात अद्याप मंद आहे त्याच्यानें ताठ दांडी वांकतच नाहीं. तिचा लाभ त्यास मुळींच मिळत नाहीं, उलट आघाताचा धक्का मात्र मनगटांत व कोपरांत येऊन बसतो. अशा हातास लवचिक दांडी मदत करिते. विजेत्याची रॅकेट नवशिक्याच्या हातांत निरुपयोगी ठरते, ती या कारणानें.

चौथें माप तारांच्या ताणाचें, आणि येथेंच सर्वांत अधिक गैरसमज आढळतो. ‘तीस पौंडांवर भरून द्या’ असें तेरा वर्षांचा मुलगा दुकानदारास ऐटींत सांगतो, कारण मोठे खेळाडू तसें करितात हें त्यानें ऐकलेलें असतें. मोठे खेळाडू तसें करितात, कारण त्यांस जोर उसना घ्यावा लागत नाहीं; त्यांस पाहिजे असतो नेमकेपणा. सैलसर तार फुलास किंचित् सामावून घेते व झोपाळ्यासारखी परत फेंकते. घट्ट तार तसें करीत नाहीं. शिवाय ताण वाढला कीं जाळ्यांतील उत्तम आघाताची जागा आकुंचन पावते, आणि फूल मध्यापासून बोटभर बाजूस लागलें तरी फटका फुकट जातो. नवशिक्यास १८ ते २२ पौंड, सराव झालेल्यास २३ ते २६ पौंड, हें प्रमाण आम्हांस योग्य वाटतें. चौकटीस किती ताण सोसेल हें निर्मात्यानें बहुधा तिच्यावरच छापलेलें असतें. तें न वाचतां त्याहून अधिक ताण घातल्यास चौकट पिचते आणि मग दोष कोणास द्यावा हा प्रश्न उरतो.

मुठीविषयीं थोडें सांगितलें तरी पुरे. मूठ फार जाड असली तर बोटें आपलें काम करूं शकत नाहींत. फार बारीक असली तर ती हातांत फिरूं नये म्हणून मुलें ती गच्च आवळून धरितात व हात लौकर थकतो. बारीक मूठ पट्टी गुंडाळून जाड करितां येते, जाड मूठ बारीक करितां येत नाहीं. म्हणून शंका असल्यास बारीक घ्यावी. आमच्याकडे समुद्राच्या हवेनें घाम पुष्कळ येतो. कापडी पट्टी घाम शोषते, पण ती वरचेवर बदलावी लागते. डावऱ्या मुलानें पट्टी उलट दिशेनें गुंडाळावी. बाकी रॅकेट डावी-उजवी नसते.

या सर्वांची मोट कशी बांधावी? दहाबारा वर्षांच्या नवशिक्या मुलास किंवा मुलीस ४ यू अथवा ५ यू वजनाची, समतोल व लवचिक दांडीची रॅकेट द्यावी. त्याहून लहान मुलांसाठीं कमी लांबीच्या रॅकेटी मिळतात, त्या द्याव्या. लोकलच्या कड्यास लोंबकळून रोज चर्चगेटास जाऊन येणारा गृहस्थ सायंकाळीं खेळूं इच्छील तर त्याचा खांदा आधींच श्रमलेला असतो. त्यानें एकंदर वजन कमी, दांडी लवचिक व डोकें किंचित् जड अशी रॅकेट घ्यावी, म्हणजे मंद हातासही फूल लांब जाईल. एकेरी खेळांत मागच्या रेघेवरून चढाई करणाऱ्या बळकट तरुणास डोक्याकडे जड व ताठ दांडीची शोभते. दुहेरींत जाळीजवळ उभें राहून झटपट फटके अडविणाऱ्यास डोक्याकडे हलकी बरी. आणि ज्यास आपला खेळ कोणता हेंच अद्याप उमगलें नाहीं, अशानें समतोल रॅकेटच घ्यावी. शाळेंतील बहुतेक मुलें याच वर्गांत मोडतात. समतोल रॅकेट त्यांस कोणत्याही एका संवयीकडे ओढीत नाहीं.

‘मुलींची रॅकेट’ असा एक निराळा प्रकार कांहीं दुकानांत दाखविला जातो. बहुधा ती गुलाबी रंगाची असते. आमच्या मतें हा भेद निराधार आहे. माप हाताचें घ्यावें, मुलगा कीं मुलगी याचें नव्हे. चपळ मनगटाच्या मुलीस ताठ दांडी शोभूं शकेल, आणि आडव्या बांध्याच्या मुलासही लवचिक दांडीच अनुकूल पडेल.

डोकें जड असल्याशिवाय जोराचा स्मॅश बसत नाहीं, ही समजूत किती फसवी आहे हें एका उदाहरणानें कळेल. २०२३ सालीं जपानांत घेतलेल्या चांचणींत आपल्या सात्त्विकसाईराज रंकिरेड्डी यानें मारलेल्या स्मॅशचा वेग तासास ५६५ किलोमीटर भरला व त्याची गिनीजच्या विक्रमांत नोंद झाली. त्याच वेळीं मलेशियाच्या पर्ली टॅन हिचा स्मॅश ४३८ किलोमीटर भरला. दोघांच्या हातीं नॅनोफ्लेअर जातीची, म्हणजे डोक्याकडे हलकी अशी रॅकेट होती. तिची दांडी मात्र अतिशय ताठ होती. ती लववूं शकणारे हात त्यांचे होते. हाच सात्त्विक मुंबईच्या चिराग शेट्टीच्या जोडीनें खेळतो. २०२२ सालीं भारतानें प्रथमच थॉमस चषक जिंकला त्या संघांत दोघेही होते, आणि २०२३ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या जोडीनें सुवर्णपदक मिळविलें. जोर हा रॅकेटींत भरलेला नसतो. शिवाय जोर म्हणजेच खेळ असेंही नाहीं. १९८० सालीं ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यांत प्रकाश पदुकोण यांच्यासमोर इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग होता, ज्याच्या उडी मारून केलेल्या स्मॅशची जगभर धास्ती होती. पदुकोण यांनीं त्यास फुलाच्या गतींत फेरफार करून व फसव्या फटक्यांनीं हरविलें.

आमच्या गांवाच्या हवेचाही विचार केला पाहिजे. बंदिस्त सभागृहांत खेळण्याची सोय थोड्यांस. बाकीची मंडळी उघड्यावर खेळतात, आणि सायंकाळीं वसईच्या खाडीकडून व समुद्राकडून वारा येतो. त्या वाऱ्यांत पिसांचें फूल टिकत नाहीं, म्हणून नायलॉनचें वापरतात. नायलॉनच्या फुलांच्या बुडाशीं हिरवी, निळी किंवा तांबडी पट्टी असते. हिरवें मंद, निळें मध्यम, तांबडें जलद. उष्ण हवेंत फूल अधिक वेगानें जातें, म्हणून आमच्याकडे हिरवें किंवा निळें घ्यावें. मुद्दा असा कीं, वाऱ्यांत नायलॉनच्या फुलानें खेळणाऱ्या मुलास तीस पौंडांच्या नाजूक तारेचा सूक्ष्म लाभ जाणवणारच नाहीं. त्यास जाणवेल तो तार तुटल्यावरचा खर्च. जाड तार, बेताचा ताण व दीड-दोन हजारांची समतोल रॅकेट त्यास पुष्कळ दिवस सुखानें पुरेल.

आतां आमच्या मताविरुद्ध जें बोललें जातें त्याचा विचार करूं. कोणी म्हणतात, भारी रॅकेट दिल्यानें मुलास हुरूप येतो. हुरूप येतो हें आम्हांसही मान्य आहे. पण फूल मागच्या रेघेपर्यंत जात नाहीं असें आठ दिवसांत कळलें, म्हणजे तो हुरूप कोठें राहतो? ‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आम्ही नेहमीं आळशी माणसास ऐकवितों. येथें मात्र अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि मूल तें ओळखूं न शकल्यामुळें आपल्यासच नाचतां येत नाहीं असें मानून खेळ सोडून देतें. दुसरे म्हणतात, आज जड झाली तरी उद्यां हात वाढेल, रॅकेट वाढत्या अंगाची घेतलेली बरी. वाढत्या अंगाचा सदरा बाह्या दुमडून वापरतां येतो. रॅकेट दुमडतां येत नाहीं. मधल्या दोन वर्षांत मूल जड डोकें वर उचलण्यासाठीं खांद्याला हिसका देण्याची जी संवय लावून घेतें, ती पुढें मोडणें शिक्षकास रॅकेट बदलण्याहून कठीण जातें. आणि दुखऱ्या कोपराची किंमत कोणत्याही रॅकेटीहून अधिक असते.

याहून गंभीर आक्षेप तिसरा आहे. सर्वांस साधी रॅकेट द्या असें म्हटलें तर ज्याचा खेळ खरोखर वाढला आहे त्याचें काय? हा आक्षेप आम्ही मनापासून मानतों. सर्वांस सारखी रॅकेट द्यावी असें आमचें म्हणणेंच नाहीं. प्रत्येकास त्याच्या हाताची रॅकेट मिळावी असें आहे. ज्या मुलाचा हात इतका वेगवान् झाला आहे कीं लवचिक दांडी आतां त्याचा नेम चुकविते, त्यास ताठ दांडीची व अधिक ताणाची रॅकेट मिळालीच पाहिजे, मग त्याचा बाप होडीवर खलाशी असो कीं पेढीवर मालक. आजची रीति अशी कीं, जिची गरज नाहीं त्या मुलाच्या हातीं ती रॅकेट येते, कारण घरीं पैसा आहे. आणि जिल्ह्याच्या स्पर्धेच्या उंबरठ्यावर पोहोंचलेल्या मुलास ती मिळत नाहीं, कारण घरीं पैसा नाहीं. यांत अन्याय तर आहेच, शिवाय शहाणपणही नाहीं.

म्हणून आमच्या शाळेनें, व शक्य तर या परिसरांतील सर्व शाळांनीं, पुढील गोष्टी कराव्या अशी आमची सूचना आहे. पहिली: शाळेंत दहा-बारा रॅकेटींचें एक कपाट असावें, त्यांत डोक्याकडे जड, समतोल व डोक्याकडे हलक्या, तसेंच लवचिक व ताठ, अशा सर्व जातींच्या रॅकेटी असाव्या, आणि प्रत्येकीच्या मुठीवर तिची जात मराठींत लिहिलेली असावी. ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणें ती आठ दिवस घरीं नेण्याची मुभा असावी. दुसरी: पहिल्या सत्रांत नवशिक्या मुलांनीं शाळेच्याच रॅकेटी वापराव्या, घरची कितीही भारी असो, ती पिशवींत राहील. तिसरी: सत्राच्या शेवटीं शिक्षकानें प्रत्येक मुलाच्या हाताचें माप चार ओळींत पालकांस लिहून द्यावें: वजन इतकें, तोल असा, दांडी अशी, ताण इतका. असा कागद हातीं असला म्हणजे पालक दुकानांत भुलणार नाहीं, व मोठ्या नांवाची नकली रॅकेटही त्याच्या गळ्यांत कोणी सहज मारूं शकणार नाहीं. चौथी: ज्या मुलाचें माप त्याच्या घरच्या ऐपतीबाहेर गेलें असेल, त्याची रॅकेट माजी विद्यार्थ्यांच्या देणगींतून घ्यावी, आणि ती त्यास सर्वांसमक्ष न देतां खासगी रीतीनें द्यावी. पाठीमागें रॅकेट लपविण्याची पाळी ज्यावर आली होती, त्यास व्यासपीठावर उभें करून उपकाराचें प्रदर्शन मांडणें हें दुसरें दुःख होय.

या योजनेस फार खर्च येणार नाहीं. एका भारी रॅकेटीच्या किंमतींत विद्यार्थ्यांपुरत्या सात-आठ रॅकेटी येतात. लागेल तें शिक्षकाचें लक्ष, आणि तें देणें आमचें कामच आहे. वर्गांत एकच पुस्तक चाळीस मुलांपुढें ठेवून आम्ही शिकवितों. तेथें प्रत्येकाचें माप घेणें आम्हांस नेहमींच साधतें असें नाहीं. खेळाच्या पटांगणावर तें साधण्याजोगें आहे, कारण तेथें हात उघड दिसतो.

पवित्र शास्त्रांतील दाविदाची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लहानपणापासून ऐकली आहे. गल्याथाशीं लढावयास तो निघाला तेव्हां शौल राजानें आपलें स्वतःचें चिलखत, शिरस्त्राण व तरवार त्याच्या अंगावर चढविली. राजाचीं आयुधें तीं. त्यांहून किमती दुसरीं त्या छावणींत नसतील. दाविदानें तीं घालून चालून पाहिलें, तीं आपल्या संवयीचीं नाहींत हें ओळखलें, आणि राजाचा अपमान होईल कीं काय ही भीति न बाळगतां तीं उतरून ठेविलीं. मग ओढ्यांतून पांच गुळगुळीत गोटे निवडून, आपली गोफण घेऊन तो पुढें गेला. पुष्कळ जण या गोष्टींत केवळ धैर्य पाहतात. दाविदानें चिलखत घालून पाहिलें, चालून पाहिलें, आणि मग उतरविलें, हा तिच्यांतील विवेक आम्हांस तितकाच मोलाचा वाटतो. गोटेही त्यानें हातीं येतील ते उचलले नाहींत. गोफणीस चालतील असे निवडून घेतले.

आमच्या विद्यार्थी मित्रांनीं पुढच्या हंगामांत रॅकेट घेण्यापूर्वीं इतकेंच करावें. दुकानांत शिरण्याआधीं शाळेंत, मित्रांच्या व वडीलधाऱ्यांच्या तीन-चार निरनिराळ्या रॅकेटी हातीं घेऊन प्रत्येकीनें पाव तास खेळून पाहावें. ज्या रॅकेटीचें हातांत असणें खेळतां खेळतां विसरलें जाईल, ती आपली समजावी; मग तिच्यावर कोणाचें नांव छापलें आहे हें पाहण्याचें कारण उरणार नाहीं. आणि ज्यांच्या घरीं एकाहून अधिक रॅकेटी भिंतीस टांगलेल्या आहेत, त्यांनीं त्यांतील एक शाळेच्या कपाटासाठीं आणून द्यावी, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे. आपल्या हातास न साधलेली रॅकेट दुसऱ्या एखाद्या हाताची वाट पाहत असेल.